पोत्यापासून घासापर्यंत : युद्धकाळातील पोषण आणि सॉल्ट लेकची छावणी

१. मूळ प्रश्न

युद्धाने पोळलेल्या देशांतील उपासमारीच्या बातम्या वाचताना सामान्य वाचकाला एक प्रश्न हमखास पडतो. जगात धान्य मुबलक पिकते, ते वाहून नेण्यास जहाजे आणि विमाने आहेत, मदत करणाऱ्या संस्थाही आहेत. मग धान्याची पोती पोहोचल्यानंतरही त्या देशांतील मुलांचे हातपाय काडीसारखे का राहतात? या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे. पोते पोहोचले म्हणजे पोषण झाले, असे त्यात धरून चाललेले असते. वस्तुतः पोते आणि मुलाच्या तोंडातील घास यांच्यामध्ये बरेच टप्पे असतात, आणि युद्ध त्यांतील प्रत्येक टप्प्यावर घाव घालते. कोणता टप्पा कसा तुटतो आणि तो पुन्हा कसा जोडता येतो, हे पाहण्यासाठी भारतातील एक जागा विशेष उपयोगी पडते. कोलकात्याच्या पूर्वेला असलेल्या सॉल्ट लेक या आजच्या आखीवरेखीव उपनगरात १९७१ साली जगातील मोठ्या निर्वासित छावण्यांपैकी एक छावणी उभी होती.

२. अन्नव्यवस्था म्हणजे काय

शेतात पीक उभे राहण्यापासून ते अन्न शरीरात पचण्यापर्यंत जी साखळी असते, तिला अन्नव्यवस्था म्हणतात. बियाणे, जमीन आणि मजूर, साठवणुकीची कोठारे, रस्ते, पूल आणि नावा, घाऊक व किरकोळ बाजार, खरेदीसाठी लागणारा पैसा, घरातील चूल, सरपण आणि स्वच्छ पाणी, शिजवणाऱ्या व्यक्तीचा वेळ आणि शेवटी खाणाऱ्याचे आरोग्य, हे सारे या व्यवस्थेचे भाग आहेत. रहाटाला गाडगी बांधलेली असतात, पण दोर मध्येच तुटला तर विहीर तुडुंब भरलेली असूनही पाटात पाणी येत नाही. युद्धकाळात अन्नाचे नेमके असेच होते. म्हणून देशातील धान्याचा एकूण साठा किती, या एकाच आकड्यावरून लोकांच्या पोषणाची कल्पना येत नाही.

पोषण या शब्दाचेही दोन स्तर ध्यानात ठेवले पाहिजेत. पहिला स्तर ऊर्जेचा. अन्नातून मिळणारी ऊर्जा उष्मांकांत मोजतात आणि ती कमी पडली की माणूस खंगत जातो. दुसरा स्तर सूक्ष्म पोषक घटकांचा, म्हणजे शरीराला अगदी अल्प प्रमाणात लागणाऱ्या, पण न मिळाल्यास दृष्टी, रक्त आणि प्रतिकारशक्ती बिघडवणाऱ्या जीवनसत्त्वांचा व क्षारांचा. पोट भरलेले असतानाही हा दुसरा स्तर रिकामा राहू शकतो आणि तो रिकामा आहे हे बाहेरून पाहणाऱ्याला चटकन कळत नाही.

३. बंगालने हे आधी भोगले होते

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे २० ते ३० लाख माणसे मेली, असे निरनिराळे अंदाज सांगतात. त्या दुष्काळाची मुळे पावसापेक्षा युद्धात अधिक होती. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तेथून येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून ब्रिटिश सरकारने किनारी जिल्ह्यांतील तांदळाचे साठे उचलले आणि हजारो नावा जप्त वा नष्ट केल्या. आणि ऑक्टोबर १९४२ च्या चक्रीवादळाने मेदिनीपूरची पिके बुडवली. नद्या-खाड्यांच्या त्या मुलखात नाव हीच बैलगाडी आणि नाव हेच उपजीविकेचे साधन होते, त्यामुळे नाव गेली तेव्हा कोळ्याची मासेमारी, शेतकऱ्याची ने-आण आणि गावचा बाजार एकाच वेळी बसले. कोलकात्याच्या घाऊक बाजारात डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये असलेला तांदूळ पुढच्या मे महिन्यात ३० रुपयांच्या वर गेला. शेतमजुराची मजुरी मात्र त्या वेगाने वाढली नाही. खेड्यांतून चालत शहरात आलेली माणसे कोलकात्याच्या दारोदार भातही मागत नव्हती. भात वेळून टाकलेले पाणी, ज्याला बंगालीत ‘फ्यान’ म्हणतात, तेवढे द्या, असे विनवीत होती.

शांतिनिकेतनमध्ये वाढत असलेल्या अमर्त्य सेन यांनी हा दुष्काळ बालपणी पाहिला आणि १९८१ मध्ये ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात त्याची मीमांसा केली. बाजारात अन्न असणे आणि माणसाकडे ते मिळवण्याचे सामर्थ्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. हे सामर्थ्य जमिनीतून, मजुरीतून, व्यापारातून किंवा सरकारी हक्कातून येते. युद्ध या सर्वांवर एकदम आघात करते, आणि म्हणूनच युद्धातील भूक साध्या टंचाईहून अधिक खोल जाते.

४. सॉल्ट लेक, १९७१

कोलकात्याच्या पूर्वेकडील खाऱ्या दलदलीवर नवे नगर वसवण्याची कल्पना मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांची. १९६२ पासून हुगळी नदीतील गाळमिश्रित वाळू नळांवाटे आणून ही दलदल भरण्यात आली. नगराचा आराखडा युगोस्लाव्ह वास्तुविशारद दोब्रिवोये तोश्कोविच यांनी आखला. १९७१ साली तेथे घरे थोडी आणि मोकळी वाळू फार, अशी स्थिती होती. गटारांसाठी आणलेले काँक्रीटचे प्रचंड नळ जागोजाग पडलेले होते.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात हत्याकांड सुरू केले आणि पूर्व बंगालमधून माणसांचा लोंढा भारतात येऊ लागला. जो मुलूख सोडून हे लोक आले, तो आधीच नागवला गेला होता. १२ नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळाने तेथे काही लाख बळी घेतले होते; त्यापाठोपाठ सैन्याच्या भीतीने पेरण्या रखडल्या, बंदरांचे काम विस्कळीत झाले, रस्ते आणि पूल तुटले. डिसेंबरपर्यंत भारतात आलेल्या निर्वासितांची नोंद ९८,९९,३०५ इतकी झाली. त्यांपैकी सुमारे ६८ लाख लोक ८२५ छावण्यांत होते, आणि उरलेले सुमारे ३१ लाख नातेवाईक, ओळखीपाळखीचे लोक यांच्या आश्रयाने राहिले. एकट्या पश्चिम बंगालमध्ये जवळपास ७५ लाख निर्वासित होते.

सॉल्ट लेकच्या त्या वाळूवर अडीच लाखांच्या आसपास माणसांनी आसरा घेतला. तंबू आणि बांबूच्या झोपड्या पुरल्या नाहीत तेव्हा कुटुंबेच्या कुटुंबे काँक्रीटच्या नळांत राहू लागली. नळाच्या एका तोंडाला फाटके कापड, दुसऱ्या तोंडाशी तीन विटांची चूल, आणि पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी आत शिरणारे पाणी. ऑगस्टमध्ये अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी पावसात या छावण्यांची पाहणी केली. सर्वांत तातडीची गरज कोणती, असे त्यांनी एका मोठ्या छावणीच्या प्रमुखाला विचारले, तेव्हा शवदाहिनी, असे उत्तर मिळाल्याची नोंद त्यांनी आपल्या अहवालात केली आहे.

मदतीचा मुख्य भार भारत सरकारने उचलला. कोलकात्यात केंद्रीय पुनर्वसन खात्याची शाखा उघडून कर्नल पी. एन. लुथरा यांच्याकडे समन्वय सोपवण्यात आला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने निर्वासितांसाठीचे उच्चायुक्त सद्रुद्दीन आगा खान यांचे कार्यालय केंद्रस्थानी राहिले. ऑक्सफॅमसारख्या संस्थांनी परदेशी माणसे आणण्याऐवजी कोलकाता आणि मुंबई येथील वैद्यकीय महाविद्यालयांतले तरुण डॉक्टर व विद्यार्थी आणि गुजरात-ओडिशातील गांधीवादी कार्यकर्ते छावण्यांत उभे केले. हा निर्णय फार शहाणपणाचा होता, कारण यांपैकी काहींना बंगाली स्वयंपाकघर अपरिचित असले तरी भात, डाळ आणि चूल परकी नव्हती.

धान्य आले कोठून, याचेही उत्तर अन्नव्यवस्थेतच आहे. १९६५ मध्ये स्थापन झालेले अन्न महामंडळ, गावोगावची रेशन दुकाने आणि १९७०-७१ सालचे १०.८ कोटी टनांचे विक्रमी धान्योत्पादन यांमुळे सरकारच्या हाताशी साठा आणि वाटपाची यंत्रणा दोन्ही तयार होत्या. पाच वर्षे आधी, बिहारच्या दुष्काळात परदेशी गव्हाच्या बोटींकडे डोळे लावून बसलेल्या देशाला हे जमले नसते. खर्चाचा वाटा सर्वसामान्य नागरिकांनीही उचलला. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे निर्वासित साहाय्य तिकीट लावावे लागे, हे त्या पिढीतील अनेक मराठी वाचकांना आठवत असेल.

५. शिध्याचा हिशेब

छावणीतील शिधा म्हणजे तांदूळ, कणीक, डाळ, तेल, साखर आणि मीठ. असा शिधा पोषणाच्या तराजूत किती भरतो, हे एका उदाहरणाने पाहता येईल. समजा, एका प्रौढाला दिवसाला ३०० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम कणीक, १०० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल आणि २५ ग्रॅम साखर मिळाली. तांदळातून सुमारे १०५० उष्मांक, कणकेतून ३४०, डाळीतून ३४०, तेलातून २२५ आणि साखरेतून १०० असे मिळून २०५५ उष्मांक होतात. प्रथिने तांदळातून २१ ग्रॅम, कणकेतून १२ आणि डाळीतून २३, म्हणजे एकूण ५६ ग्रॅम. प्रौढ माणसाला जगवण्यास आणि बेताची हालचाल करू देण्यास हे पुरेसे आहे.

आता दुसरा स्तर तपासावा. या शिध्यात ‘अ’ जीवनसत्त्व जवळजवळ नाही, ‘क’ जीवनसत्त्व नाही, आणि लोह जे आहे त्यातील थोडेच शरीर शोषून घेते. आठ-पंधरा दिवस असे चालते. महिन्यांवर महिने गेले की रातांधळेपणा, हिरड्यांतून रक्त येणे, पंडुरोग अशी लक्षणे दिसू लागतात. पुढील काळात जगाने याचा फार कठोर धडा घेतला. १९८० च्या दशकात आफ्रिकेच्या पूर्व टोकाकडील निर्वासित छावण्यांत स्कर्व्ही, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाअभावी होणारा रोग, पसरला. १९९० मध्ये मलावीत आश्रय घेतलेल्या मोझांबिकच्या निर्वासितांत पेलाग्रा या कातडी सोलवटणाऱ्या, जुलाब आणि बुद्धिभ्रंश आणणाऱ्या रोगाचे १८ हजारांहून अधिक रुग्ण आढळले. मक्यावर जगणाऱ्या या लोकांना नायसिन हे जीवनसत्त्व शेंगदाण्यांतून मिळत होते. शिध्यातील शेंगदाणे बंद झाले आणि रोगाने डोके वर काढले. उष्मांकांच्या तक्त्यात शेंगदाण्याऐवजी तेवढाच मका लिहिला तर बेरीज तीच येते, पण माणूस आजारी पडतो. हा रोग दख्खनच्या पठारावरही अनोळखी नव्हता. ज्वारी आणि केवळ ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांतील पेलाग्रावर हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी, विशेषतः डॉ. सी. गोपालन यांनी, त्याआधीच मूलगामी संशोधन केले होते.

यावर तीन मार्ग आहेत. पिठात, तेलात किंवा तांदळात जीवनसत्त्वे मिसळणे, ज्याला पौष्टिकीकरण म्हणतात. ‘अ’ जीवनसत्त्वासारख्या घटकांची मात्रा तोंडावाटे देणे. आणि ताज्या अन्नापर्यंत लोकांचा हात पोहोचेल अशी सोय करणे. पहिले दोन मार्ग वेगाने लागू करता येतात आणि संकटाच्या पहिल्या महिन्यांत त्यांना पर्याय नसतो. तिसरा मार्ग टिकाऊ आहे, पण मदतीच्या आराखड्यांत तो नेहमी शेवटी येतो, हे योग्य नाही.

६. दोन वर्षांच्या मुलाचे पोट

प्रौढाचा अर्धा शिधा मुलाला, असा सोपा नियम वाटपाला सोयीचा असतो. मुलाच्या शरीराला तो पुरत नाही, आणि छावणीतील सर्वाधिक मृत्यू पाच वर्षांखालील मुलांचे का होतात, याचे एक कारण येथे सापडते.

दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १००० उष्मांक लागतात. त्याच्या पोटात एका वेळी पाव लिटरच्या आसपास अन्न मावते. आईने त्याला पातळ पेज पाजली, तर १०० ग्रॅम पेजेतून सुमारे ४० उष्मांक मिळतात. दिवसातून चार वेळा पोटभर पाजली तरी एक लिटर पेज आणि ४०० उष्मांक. मूल पोट फुगेपर्यंत प्याले, रडायचे थांबले, पण त्याची गरज निम्मीही भागली नाही. तेच तांदूळ आणि डाळ घट्ट, मऊ खिचडी करून त्यात थोडे तेल घातले तर १०० ग्रॅममधून १०० उष्मांकांच्या आसपास मिळतात आणि त्याच चार वेळांत हजाराचा हिशेब जुळतो. अन्नातील या दाटपणाला ऊर्जाघनता म्हणतात.

मग आई खिचडी का करत नाही, असे विचारणे सोपे आहे. डाळ शिजायला वेळ आणि सरपण लागते. पावसाळ्यात नळाच्या तोंडाशी पेटवलेल्या चुलीला कोरडे लाकूड कोठून मिळणार? शिध्याची रांग, पाण्याची रांग आणि आजारी माणसाची शुश्रूषा यांत तिचा दिवस संपतो, त्यामुळे चार वेळा रांधणे तिला अशक्य असते. सरपण आणि आईचा वेळ यांची मोजणी मदतीच्या कागदावर होत नाही, तरी मुलाचे पोषण त्यांवरच अवलंबून असते.

भारत सरकारने युनिसेफ आणि भारतीय रेड क्रॉस यांच्या साहाय्याने ‘ऑपरेशन लाइफलाइन’ ही योजना आखली, ती नेमकी या जाणिवेतून. तिच्यात दोन पातळ्या होत्या. लहान मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना शिध्याव्यतिरिक्त दूध व पूरक आहार देणे ही पहिली, आणि अति खंगलेल्या मुलांवर देखरेखीखाली आहारोपचार करणे ही दुसरी. सर्वांना थोडे आणि अत्यवस्थ असलेल्यांना अधिक, ही विभागणी आजच्या आपत्कालीन पोषणशास्त्राचाही कणा आहे. आज सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला की त्याला तीव्र कुपोषित मानून उपचार सुरू करतात. १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये तयार झालेल्या शेंगदाण्याच्या पौष्टिक लगद्याच्या पाकिटाने तर पाणी आणि सरपण या दोन्ही अडचणी ओलांडल्या. महाराष्ट्राला ही दिशा नवी नव्हती; १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवरील मजुरांना आणि मुलांना दिलेली सुकडी हे शिजवण्याची गरज नसलेले, दाट ऊर्जेचेच खाद्य होते.

७. अन्न अंगी लागण्यासाठी पाणी

जून १९७१ मध्ये छावण्यांत पटकी पसरली आणि सप्टेंबरअखेर रुग्णांची संख्या ४६ हजारांवर गेली. पटकी पोषणाच्या प्रकरणात यावी, हे काहींना अनपेक्षित वाटेल. परंतु जुलाब आणि कुपोषण एकमेकांना पोसतात. जुलाब झालेल्या मुलाची भूक मरते, खाल्लेले शोषले जात नाही, प्रतिकारशक्ती घटते आणि पुढचा जुलाब लवकर येतो. घाणेरड्या पाण्यात कालवलेली दुधाची भुकटी ही तर औषधाऐवजी विषच ठरते. म्हणून स्वच्छ पाणी आणि शौचालय हे अन्नव्यवस्थेचे अविभाज्य भाग मानावे लागतात.

सॉल्ट लेकहून सुमारे ७० किलोमीटरवर, सीमेलगतच्या बनगावच्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापुढे जून महिन्यात रुग्णांनी भरलेली जमीन होती आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले होते. त्यांनी एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला. ग्लुकोजच्या सोबतीने आतड्यातून क्षार आणि पाणी शोषले जाते, हे प्रयोगशाळेत ठाऊक होते, परंतु असा वापर एवढ्या मोठ्या प्रमाणावर कोणी केला नव्हता. कोलकात्यात पदार्थ तोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले जात, पिशव्यांची तोंडे तापलेल्या इस्त्रीने चिकटवली जात, आणि बनगावला तोटी लावलेल्या पिंपांत द्रावण तयार करून रुग्णांचे नातेवाईकच ते पेल्याने पाजत. लिटरमागे खर्च ११ पैसे. रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. इतक्या उशिरा झालेला हा गौरव त्यांच्या कामापुढे अपुराच आहे. या कामाचे महत्त्व मिश्रणाइतकेच त्याच्या वाटपात आहे, कारण उपचार डॉक्टरच्या हातून आईच्या हाती गेला.

८. भेडी आणि मौरला

ज्या वाळूवर सॉल्ट लेकची छावणी होती, तेथे दहाच वर्षांपूर्वी मासे पिकत होते. कोलकात्याच्या पूर्वेला बांध घालून केलेल्या उथळ मत्स्यतळ्यांना भेडी म्हणतात. शहराचे सांडपाणी कालव्यांतून या तळ्यांत सोडले जाते. उथळ पाण्यावर ऊन पडून शेवाळ वाढते, जंतू मरतात, मैला कुजून त्याचे खत होते, आणि त्या शेवाळावर रोहू, कटला, मृगळ, तिलापिया हे मासे वाढतात. तळ्यांतून बाहेर पडणारे पाणी भातशेतीला जाते आणि जवळच्या धापा येथे शहराच्या कचऱ्याच्या खतावर भाज्या पिकतात. सॉल्ट लेक वसवताना भेड्यांचा मोठा पट्टा बुजला. उरलेल्या सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ भागाचे महत्त्व ध्रुवज्योती घोष या अभियंत्या-पर्यावरणतज्ज्ञाने आयुष्यभर झटून जगापुढे मांडले आणि २००२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. कोलकात्याला आजही तेथून वर्षाला दहा हजार टनांच्या आसपास मासे मिळतात. शहराच्या कुशीतील, थोड्या इंधनात आणि थोड्या वाहतुकीत चालणारी ही व्यवस्था संकटकाळी किती मोलाची असते, हे रस्ते तुटल्यावरच कळते.

पूर्व बंगालच्या माणसाचे जेवण म्हणजे भात आणि मासा. छावणीच्या शिध्यात मासा नव्हता. परसातल्या पुकुरात, म्हणजे घरच्या तळ्यात, सापडणारे बोटभर मासे गरिबांच्या ताटातील ‘अ’ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि लोह यांचा मुख्य आधार असत, आणि स्थलांतराबरोबर तो आधार सुटला. या छोट्या माशांचे मोल शास्त्रीय कसोटीवर पुढे सिद्ध झाले. डॉ. शकुंतला थिलस्टेड यांनी बांगलादेशात केलेल्या संशोधनातून दिसले की मौरला किंवा मोला हा मासा डोक्यासकट, डोळ्यांसकट, काट्यांसकट खाल्ला जातो आणि म्हणूनच मोठ्या माशाच्या तुकड्यापेक्षा सूक्ष्म पोषक घटकांत कितीतरी पटींनी सरस ठरतो. घरच्या तळ्यात मोठ्या माशांबरोबर मौरलाही वाढवता येतो. मोठा विकायचा आणि छोटा घरी खायचा. या कामासाठी त्यांना २०२१ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. वाळवून दळलेले छोटे मासे मुलाच्या खिचडीत चमचाभर घालता येतात, महिनोन्महिने टिकतात आणि पोत्यातून वाहूनही नेता येतात. कोकणात सुकट आणि जवळा घरोघर असतो, त्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

९. बाजार मोडू न देता

जगभरच्या छावण्यांत निर्वासित आपल्या शिध्यातील काही भाग विकतात आणि त्यावर अधिकारी अनेकदा चिडतात. हा राग अस्थानी आहे. विकलेल्या तांदळातून आई मीठ-मिरची, पालेभाजी, साबण आणि सरपण आणते, म्हणजे शिध्यातील उणीव ती स्वतःच्या पदराला खार लावून भरून काढते. तिला सरळ पैसे किंवा खरेदीपत्र दिले तर तिचा तोटा टळतो आणि स्थानिक शेतकऱ्यालाही गिऱ्हाईक मिळते. बाजारात माल येत असेल तेथे पैसा द्यावा, माल येत नसेल तेथे धान्य द्यावे, हा नियम साधा आहे. पैसा वाटून माल आला नाही तर भाव भडकतात आणि १९४३ सारखी स्थिती येते. महाराष्ट्राने १९७२-७३ च्या दुष्काळात सरकारी कामांवर मजुरी देऊन लोकांची क्रयशक्ती टिकवली, मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, आणि धान्योत्पादन भयंकर घसरूनही बंगालसारखा संहार झाला नाही.

१९७१ च्या निर्वासितांना काम करण्याची अधिकृत मुभा नव्हती. त्यामागे सरकारची बाजू होती; सीमाभागातील मजुरीचे दर आधीच पडत होते आणि स्थानिक गरिबांत असंतोष वाढत होता. निर्वासितांना आसरा देणाऱ्या गावांची अन्नव्यवस्थाही अशा वेळी ताणली जाते, म्हणून मदतीचा काही वाटा यजमान गावांना मिळालाच पाहिजे. ३१ लाख माणसे छावणीबाहेर, इतरांच्या घरांत होती. त्यांना पोसणाऱ्या कुटुंबांचे नाव कोणत्याही अहवालात ठळक नाही.

सॉल्ट लेकच्या लोकांचे भाग्य एवढेच की त्यांचे युद्ध नऊ महिन्यांत संपले. फेब्रुवारी १९७२ अखेर ९० लाखांहून अधिक लोक परत गेले आणि परतताना पुढची पेरणी साधणे त्यांना शक्य झाले. आज त्याच बांगलादेशात, कॉक्स बाजारच्या छावण्यांत, २०१७ पासून आलेले रोहिंग्या अजून अडकून आहेत. तेथे जागतिक अन्न कार्यक्रमाने खरेदीपत्रांवर चालणारी दुकाने उघडली, ताजी भाजी आणि मासे निवडण्याची सोय केली, झोपडीच्या छपरांवर दुधी-भोपळ्याचे वेल चढले. पुढे निधी आटला. दरडोई दरमहा १२ डॉलर असलेली मदत मार्च २०२३ मध्ये १० आणि जूनमध्ये ८ डॉलरवर आली. एवढ्या पैशांत कुटुंब पहिल्यांदा मासा, अंडे आणि भाजी सोडते व तांदूळ राखते, म्हणजे कपात थेट मुलाच्या ताटातून होते.

आणि जेथे उपासमार हेच शस्त्र केले जाते, तेथे पोषणशास्त्र एकट्याने काही करू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मे २०१८ मध्ये ठराव क्रमांक २४१७ एकमताने संमत करून नागरिकांची उपासमार हे युद्धतंत्र म्हणून वापरण्याचा निषेध केला. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सुदानच्या दारफूरमधील झमझम छावणीत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गाझात दुष्काळ अधिकृतपणे घोषित झाला. दोन्ही ठिकाणी वेढा, बंद रस्ते आणि उद्ध्वस्त शेती-बाजार हीच कारणे होती, आणि त्या दोषाचे माप निसर्गाच्या पदरात टाकता येत नाही.

युद्धग्रस्तांसाठी मदत देऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकाने वस्तूंऐवजी पैसे द्यावेत, आणि ज्या संस्थेला ते द्यायचे तिला पुढील गोष्टी अवश्य विचाराव्यात: दोन वर्षांखालील मुलांसाठी वेगळा आहार आहे काय, स्वच्छ पाणी आणि इंधन यांची तरतूद काय, आणि जवळच्या शेतकऱ्याकडून, कोळ्याकडून काही विकत घेतले जाते काय. या प्रश्नांची उत्तरे जिच्याकडे तयार असतील, त्या संस्थेला सढळ हाताने मदत करावी.